चोथ्याची किंमत

दोन महिन्यांपूर्वी ऑफिसच्या वार्षिक चेकअपचा रिपोर्ट आला. एचबीए१सी ६.१. ज्यांच्या घरी मधुमेह आहे त्यांना हा आकडा समजावून सांगायला नको. ज्यांच्या घरी नाही त्यांच्यासाठी: ५.७ च्या खाली असेल तर निवांत झोपा, ६.५ झाला की क्लबचं सभासदत्व पक्कं. मी मधल्या वेटिंग लिस्टवर. वजन ८४ किलो. आहारतज्ज्ञ बाईंनी चार मिनिटं दिली आणि त्यातलं लक्षात राहिलेलं एकच वाक्य म्हणजे, "फायबर वाढवा."

घरी येऊन बाबांना सांगितलं. बाबा या क्लबचे बावीस वर्षं जुने सभासद. त्यांनी काही न बोलता इसबगोलाचा डबा टेबलावरून माझ्याकडे सरकवला.

"हे घे रोज रात्री. सगळं फायबर यात आहे."

"बाबा, तुम्ही बावीस वर्षं घेताय ना? मग?"

"मग काय? पोट साफ आहे माझं!"

आता आमच्या धंद्यातली खोड अशी की कोणी "मेमरी वाढवा" म्हटलं तर आपण आधी विचारतो, कुठली मेमरी, किती आणि का. फायबर वाढवा म्हणजे नक्की काय वाढवा? जी गोष्ट पचत नाही, असं शाळेत शिकवलं होतं, ती खाऊन वजन आणि साखर कमी कशी होणार? या एका प्रश्नावर तीन वीकेंड गेले. (बायकोच्या मते हा वेळ चालायला गेलो असतो तर प्रश्नच मिटला असता. असो.) हाती लागली ती एका शून्याची गोष्ट. शास्त्राने एका रकान्यात शून्य लिहिलं आणि ते पुसायला जवळजवळ एक शतक लागलं.

सुरुवात गुरांच्या वैरणीपासून. १८६० च्या सुमारास जर्मनीत गॉटिंगेनजवळच्या वेंडे इथल्या शेती प्रयोगशाळेत हेनेबर्ग आणि श्टोमान या दोघांनी वैरणीची प्रत ठरवायची एक पद्धत बसवली. नमुना आधी सौम्य आम्लात उकळायचा, मग सौम्य अल्कलीत उकळायचा, आणि जे उरेल त्याला म्हणायचं 'क्रूड फायबर'. चोथा. पद्धत सोपी आणि स्वस्त होती, म्हणून ती माणसांच्या अन्नालाही लागली आणि शंभर वर्षं टिकली. अडचण एवढीच की या उकळाउकळीत तंतूंचा मोठा भाग विरघळून गटारात जात होता. म्हणजे जे मोजायचं तेच आधी ओतून द्यायचं!

याचा पुरावा आपल्याच घरात सापडतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या पुस्तकात, १९७१ सालच्या गोपालन आणि मंडळींच्या कोष्टकात, १०० ग्रॅम ज्वारीपुढे फायबर लिहिलंय १.६ ग्रॅम. त्याच संस्थेच्या २०१७ सालच्या कोष्टकात ज्वारीपुढे आकडा आहे १० ग्रॅमहून थोडा जास्त. मधल्या काळात ज्वारीला काही सहा पट तंतू फुटले नाहीत. रकान्याचं नाव साधारण तेच राहिलं, आतलं फंक्शन बदललं. बार्शीकडची माझी आजी आयुष्यभर ज्वारीची भाकरी खात होती तेव्हा सरकारी हिशेबात तिच्या पोटात जवळपास काहीच चोथा जात नव्हता.

माणसाच्या बाजूने हे शून्य पक्कं झालं १९२९ साली, लंडनमध्ये. रॉबर्ट मॅककान्स आणि आर. डी. लॉरेन्स या दोन डॉक्टरांना मधुमेहींसाठी अन्नाची कोष्टकं बनवायची होती. लॉरेन्स स्वतः मधुमेही होता. १९२३ साली नुकतं निघालेलं इन्शुलिन वेळेवर मिळालं म्हणून वाचला. त्याला कळीचा प्रश्न एकच: या भाजीतली किती साखर माझ्या रक्तात येणार? म्हणून त्यांनी कर्बोदकांचे दोन भाग केले. 'उपलब्ध' म्हणजे रक्तात साखर होऊन येणारं आणि 'अनुपलब्ध' म्हणजे न येणारं. त्यांच्या कामापुरती ही विभागणी अगदी बरोबर होती, आजही आहे. पण 'साखर म्हणून मिळत नाही' याचं हळूहळू 'काहीच मिळत नाही' झालं. वापरणाऱ्यांनी कॉमेंट वाचलीच नाही, नुसतं व्हेरिएबलचं नाव पाहिलं. 'आहारातील तंतू' हा शब्दप्रयोगसुद्धा १९५३ मध्ये आला. तो वापरला हिप्सली नावाच्या ऑस्ट्रेलियन डॉक्टरने, आणि तेही गरोदरपणातल्या एका आजाराबद्दल लिहिताना.

यानंतर रंगमंचावर येतात डेनिस बर्किट. या माणसावर सिनेमा निघायला हरकत नाही. जन्म १९११, उत्तर आयर्लंड. अकराव्या वर्षी अपघातात एक डोळा गेला, तरी सर्जन झाले. युगांडात कंपालाच्या मुलागो हॉस्पिटलमध्ये असताना लहान मुलांच्या जबड्यातल्या एका विचित्र गाठीवर त्यांनी १९५८ साली लेख लिहिला. मग ही गाठ आफ्रिकेत नक्की कुठे कुठे होते हे बघायला १९६१ साली दोन मित्रांबरोबर जुनी फोर्ड गाडी काढली आणि सुमारे दहा हजार मैल फिरून दवाखान्या-दवाखान्यांत विचारत गेले. ती गाठ आज बर्किट लिम्फोमा म्हणून ओळखली जाते.

एवढ्यावर कोणीही निवृत्त झाला असता. बर्किट १९६६ मध्ये इंग्लंडला परतले आणि पुढच्याच वर्षी त्यांची गाठ क्लीव्ह नावाच्या नौदलातल्या डॉक्टरशी पडली. क्लीव्ह महायुद्धात 'किंग जॉर्ज पाचवा' या युद्धनौकेवर खलाशांना बद्धकोष्ठावर गव्हाचा कोंडा खायला घालत असे. त्याचं म्हणणं, पांढरी साखर आणि पांढरा मैदा हेच साहेबाच्या सगळ्या आजारांचं मूळ. बर्किटना एकदम काहीतरी उलगडलं. वीस वर्षं आफ्रिकेत पोटं उघडली, पण अपेंडिक्स, पित्ताचे खडे, आतड्याचा कॅन्सर असल्या गोष्टी इंग्लंडच्या मानाने दिसल्याच नव्हत्या. मात्र क्लीव्ह बोट दाखवत होता साखर-मैद्यात जे आहे त्याकडे, आणि बर्किटनी दाखवलं त्यातून जे काढून टाकलंय त्याकडे. त्यांनी खेड्यापाड्यांतल्या मिशन हॉस्पिटलांना पत्रं पाठवायला सुरुवात केली: तुमच्याकडे हे आजार किती दिसतात?

आणि जोडीला त्यांनी विष्ठा मोजली. हो, तेच. एक्स-रेमध्ये दिसणारे बारीक मणी गिळायला द्यायचे आणि ते किती तासांनी बाहेर पडतात ते बघायचं. १९७२ साली वॉकर आणि पेंटर यांच्याबरोबर 'लॅन्सेट'मध्ये छापलेले आकडे असे: युगांडातल्या खेडुतांमध्ये साधारण ३६ तास आणि दिवसाला ४७० ग्रॅम. ब्रिटिश नौदलातले खलाशी आणि त्यांच्या बायका: ८३ तास आणि १०४ ग्रॅम. यावर बर्किट भाषणात म्हणत की ज्या देशात शौचाचा ढीग लहान, तिथे हॉस्पिटलं मोठी बांधावी लागतात. भाषणाबरोबर स्लाइडही दाखवत. जेवणानंतरच्या भाषणांमध्येसुद्धा :-)

बर्किटबद्दल मला प्रेम वाटतं, पण त्यांचा विदा पाहिल्यावर हात शिवशिवतात. युगांडातला शेतकरी आणि पोर्ट्समथचा खलाशी यांच्यात फक्त चोथ्याचा फरक आहे का? मेहनत, वय, जंत, तंबाखू, मांस, साखर, सगळंच वेगळं. एकदम वीस व्हेरिएबल बदलून त्यातल्या एकावर बोट ठेवायचं असा हा प्रकार. शिवाय त्यांच्या डोक्यातलं यंत्र फार साधं होतं: चोथा पाणी धरतो, ढीग मोठा करतो, घाण लवकर बाहेर काढतो. झाडू. थोडक्यात, माझे बाबा म्हणतात तेच.

पण लोकांना झाडू आवडला. १९८२ साली ब्रिटनमध्ये ऑड्री आयटन यांचं 'एफ-प्लॅन' नावाचं वजन कमी करायचं पुस्तक आलं आणि दुकानांतला कोंडा संपायची वेळ आली. १९८४ मध्ये केलॉग्जने अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेचा हवाला आपल्या ऑल-ब्रानच्या खोक्यावर छापला. मग १९९९ साली अमेरिकेतल्या ८८ हजारांहून जास्त परिचारिकांचा सोळा वर्षांचा अभ्यास आला. चोथा जास्त खाणाऱ्यांना आतड्याचा कॅन्सर कमी, असं त्यात दिसलंच नाही. २००० साली दोन मोठ्या चाचण्यांमध्ये कोंडा किंवा जास्त तंतूंचं जेवण देऊनही आतड्यातल्या गाठी पुन्हा यायच्या थांबल्या नाहीत. झाडूची हवा गेली.

माझ्या लेखी खरी गोष्ट या सगळ्या गोंगाटापासून लांब, केंब्रिजमध्ये चालू होती. जॉन कमिंग्ज आणि ॲलिसन स्टीफन यांनी विचारलेला प्रश्न बर्किटच्या बरोबर उलटा होता. बाहेर काय पडतं हे सोडा, आत गेलेलं काय बाहेर पडत *नाही*? १९८० साली 'नेचर'मध्ये त्यांनी दाखवलं की गव्हाच्या कोंड्यातला बराचसा तंतू शाबूत बाहेर येतो, पण कोबीतला जवळजवळ सगळा वाटेत नाहीसा होतो. तरीही कोबी खाल्ल्यावर ढीग वाढतोच. कशाने? जिवाणूंनी. कोबीचा चोथा खाऊन जिवाणूंची संख्या वाढते आणि तेच बाहेर पडतात. त्यांनी मोजून सांगितलं की विष्ठेतल्या घन भागापैकी निम्म्याहून जास्त, सुमारे ५५ टक्के, निव्वळ जिवाणू असतात.

म्हणजे मोठ्या आतड्यात झाडू फिरत नव्हता. तिथे पीठ आंबत होतं. इडलीचं पीठ रात्रभर ठेवलं की फुगतं, आंबट होतं, वायू सुटतो. आत तेच चालतं, फक्त ३७ अंशाला आणि हवेशिवाय. वायूबद्दल फार खोलात शिरत नाही. एवढंच सांगतो की संशोधनाच्या उत्साहात मी इन्युलिनची पावडर मागवली आणि पहिल्याच दिवशी पाकिटावरच्या सूचनेच्या तिप्पट घेतली. दुपारी बंद खोलीत दोन तासांची डिझाइन मीटिंग होती. आंबण्यावरचा माझा विश्वास त्या दिवशी पक्का झाला.

वायू गेला, पण आंबटपणाचं काय होतं? याचं अर्धं उत्तर पशुवैद्यकाकडे फार आधीपासून होतं. १९४४ साली केंब्रिजमध्येच बारक्रॉफ्ट, मॅकअनली आणि फिलिपसन यांनी मेंढ्यांवर काम करून दाखवलं होतं की जिवाणू गवत आंबवून लहान मेदाम्लं तयार करतात आणि ती पोटाच्या भिंतीतून थेट रक्तात शिरतात. ॲसिटिक म्हणजे आपलं व्हिनेगर, मग प्रोपिऑनिक आणि ब्युटिरिक. गाय-मेंढी निम्म्याहून जास्त ऊर्जा यातूनच मिळवते. माणसाबाबत मात्र असा समज की आपण काही गुरं नाही. वैरणीची पद्धत गुरांकडून घेतली आणि नेमकं हे घ्यायचं राहिलं!

माणसात हे सिद्ध करणं अवघड, कारण ही आम्लं आतड्याकडून यकृताकडे जाणाऱ्या पोर्टल शिरेत बघावी लागतात आणि ती शीर पोटात खोल असते. कमिंग्ज आणि सहकाऱ्यांनी १९८७ साली अचानक मृत्यू आलेल्या सहा जणांच्या शरीरांतून, मृत्यूनंतर चार तासांच्या आत, नमुने घेतले. पोर्टल शिरेत या आम्लांचं प्रमाण लिटरला सुमारे ३७५ मायक्रोमोल, यकृतातून बाहेर पडणाऱ्या रक्तात १४८, आणि हातापायांकडच्या शिरांत ७९. हे तीन आकडे मी वहीत लिहून ठेवलेत. उतरंड स्वच्छ दिसते: मोठं आतडं आम्लं बनवतंय, यकृत त्यातली बरीचशी उचलतंय, उरलेली अंगभर जातायत. आधी १९८० मध्ये रोडिगर यांनी दाखवलंच होतं की मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशी मुख्यतः ब्युटिरिक आम्लावरच चालतात. चोथा कमी पडला की तिथे उपासमार सुरू.

मग शून्य पुसावं लागलं. २००३ सालच्या अहवालात संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेने तंतूंना ग्रॅमला सरासरी २ कॅलरी धरा असं सांगितलं. स्टार्चला ४, चोथ्याला २.

आता आली का पंचाईत? मला वजन कमी करायचंय आणि मी जे निव्वळ शून्य म्हणून खाणार होतो त्यात चक्क कॅलरी निघाल्या. वर २००४ साली अमेरिकेत जेफ्री गॉर्डन यांच्या प्रयोगशाळेने उंदरांवर जे दाखवलं ते आणखी वाईट. जन्मापासून जिवाणूच नसलेल्या उंदरांच्या पोटात साध्या उंदरांचे जिवाणू सोडले, तर दोन आठवड्यांत त्यांची चरबी ६० टक्के वाढली, आणि तीही आधीपेक्षा कमी खाऊन. या हिशेबाने चोथा खाणारे जाड व्हायला हवेत. प्रत्यक्षात अभ्यासांमागून अभ्यासांत दिसतं उलटं.

ही विसंगती सोडवायला आम्लांकडे इंधन म्हणून न बघता निरोप म्हणून बघावं लागलं. २००३ साली तीन वेगवेगळ्या गटांना पेशींवर दोन असे ग्राहक सापडले, जे नेमके याच आम्लांना ओळखतात. त्यातला एक आतड्यातल्या ज्या पेशींवर बसलाय त्या जीएलपी-१ हे संप्रेरक सोडतात, आणि आम्लं लागली की ते सुटतं, असं २०१२ मध्ये केंब्रिजच्याच एका गटाने दाखवलं. जीएलपी-१ इन्शुलिनला मदत करतं आणि मेंदूला सांगतं, पुरे आता. हो, ज्याची नक्कल करून सेमाग्लुटाइडची इंजेक्शनं बनली तेच. ऑफिसात दोघे जण घेतात, त्यांच्या शर्टांचे साइज बदललेत.

इथेच बाजारातली पावडर विकणारे थांबतात आणि म्हणतात, बघा, नैसर्गिक सेमाग्लुटाइड! मला हे सरळ फसवणुकीच्या जवळचं वाटतं. २०२१ साली छापलेल्या चाचणीत सेमाग्लुटाइडने ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के वजन उतरलं. ते औषध आठवडाभर रक्तात टिकतं, आपलं स्वतःचं जीएलपी-१ दोन-चार मिनिटांत मोडतं. चोथ्याचे आकडे बघा. २०१५ साली लंडनमध्ये साठ जाड लोकांपैकी काहींना २४ आठवडे दिवसाला दहा ग्रॅम, मोठ्या आतड्यात पोचून प्रोपिऑनिक आम्ल सोडेल असा खास बनवलेला इन्युलिन दिला. त्यांचं वजन उतरलं म्हणण्यापेक्षा वाढायचं थांबलं. २०२० मध्ये चिकट तंतूंच्या ६२ चाचण्यांची बेरीज केली तेव्हा आहार न आवळता सरासरी घट निघाली ०.३३ किलो. एक तृतीयांश किलो! एवढं तर माझं वजन सकाळी आणि रात्री वेगळं भरतं.

पण तिसरा एक आकडा आहे ज्याने मला खुर्चीत सरळ बसवलं. २०१५ मध्येच अमेरिकेत २४० लोकांचे दोन गट केले. एकाला हृदयरोग संघटनेचा सगळा नियमांचा चार्ट दिला: हे नको, ते मोजा, मीठ एवढं, मेद तेवढा. दुसऱ्याला एकच वाक्य: दिवसाला ३० ग्रॅम तंतू खा. वर्षभराने पहिला गट २.७ किलो उतरला, दुसरा २.१. फक्त एका वाक्यावर! कारण पावडर नव्हे, *जेवणातून* तीस ग्रॅम तंतू खायचे तर डाळ-भाजी-धान्याला ताटात जागा द्यावी लागते आणि त्या जागेवरचं दुसरं काहीतरी उठून जातं.

बर्किटचाही न्याय राहिलाय. २०१५ सालीच स्टीफन ओकीफ यांनी पिट्सबर्गच्या वीस कृष्णवर्णीय अमेरिकनांना आणि दक्षिण आफ्रिकेच्या खेड्यातल्या वीस जणांना दोन आठवडे एकमेकांचं जेवण दिलं. अमेरिकनांचे तंतू दिवसाला १४ ग्रॅमवरून ५५ वर गेले, आफ्रिकनांचे ६६ वरून १२ वर आले. चौदा दिवसांत अमेरिकनांच्या आतड्यात ब्युटिरिक आम्ल वाढलं, दाह कमी झाला, आणि आफ्रिकनांचं नेमकं उलटं झालं. या वेळी माणसं तीच ठेवून ताट बदललं होतं. बर्किट १९९३ सालीच गेले, त्यांना हे बघायला मिळालं नाही.

आता बाबांच्या डब्याकडे. इसबगोल मोठ्या आतड्यात फारसा आंबतच नाही. तो पाणी धरतो, जेल होतो आणि तसाच बाहेर येतो. साखर आणि कोलेस्टेरॉलवर त्याचा थोडा उपयोग आहे, पोटावर तर आहेच. पण वर सांगितलेली आम्लांची गोष्ट त्याच्यातून घडत नाही. बाबा बावीस वर्षं झाडू विकत घेत होते. झाडू वाईट नाही, पण 'सगळं फायबर' त्यात नाही. आंबणारा चोथा कशात आहे हे शोधताना मला आजीचं ताट दिसायला लागलं. कांदा आणि लसूण: यांत इन्युलिनच्याच जातीचे तंतू. तूर, मटकी, हरभरा: यांतल्या काही साखरा लहान आतड्याला फोडताच येत नाहीत, म्हणून तर त्या 'वातूळ'. आणि शिजवून थंड झालेला भात किंवा शिळी भाकरी, ज्यातला थोडा स्टार्च गार होताना असा घट्ट बसतो की पचनातून निसटून थेट जिवाणूंच्या पंगतीला जातो. कांदा-भाकर आणि मटकीची उसळ. गरिबीचं जेवण म्हणून आम्ही पुण्यात आल्यावर जे सोडलं, तेच.

बाबांना हे सगळं सांगितलं. आकडे ऐकवले, मेंढ्यांचंही सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग इसबगोल बंद करू?"

"नको. डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीच बंद करू नका. गोळ्या तर नाहीच."

"मग एवढं सांगितलंस कशाला?"

आई आतून म्हणाली, "भाकरी थापायला कोण शिकणार आहे ते आधी ठरवा."

मी शिकतोय. पहिल्या आठवड्यात एकही गोल झाली नाही, दुसऱ्यात दोन फुगल्या. बाबा आल्या तशा खातात, कडा कच्च्या राहिल्या तर बोलून दाखवतात. पुढची एचबीए१सी पुढच्या महिन्यात आहे, आम्हा दोघांचीही. मटकी भिजत घातली आहे.